किती प्रती छापू, सर?

वर्षातून सात-आठ जण तरी हा प्रश्न घेऊन माझ्या दारात येतात. कधी खानापूरकडचे निवृत्त मास्तर, कधी निपाणीची कविता लिहिणारी मुलगी, कधी बेळगावच्या वडगावात दिवसा यंत्रमागावर उभा राहून रात्री कथा लिहिणारा गडी. कुणाच्या हातात दोनशेपानी वह्या, कुणाच्या मोबाईलवर व्हॉट्सॲपमध्ये तुकड्यातुकड्यांनी टाइप केलेलं अख्खं पुस्तक. चहा होतो आणि मग, 'किती प्रती छापू, सर?' मी विचारतो, 'घेणार कोण? नावं सांग.' वीस-पंचवीस नावांपर्यंत गाडी झोकात जाते. मग सूर बदलतो, 'वाचणारे घेतीलच की!'

हे 'घेतीलच की' फार महागात पडतं. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या दोनशेवर प्रती अकरा वर्षं माळ्यावर पडून होत्या. पावसाळ्यात दमट वास सुटला की बायको एकदा वर बघायची. बोलायची काही नाही.

आपल्या भागात लेखकाला स्वतःच प्रकाशक व्हावं लागतं, त्यात नवल काही नाही. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाला बेळगाव, खानापूर, निपाणी हा लांबचा आणि लहान बाजार वाटतो. कर्नाटकात राहून मराठीत लिहायचं, तर इथल्या सरकारी पुस्तक योजनांकडूनही फारशी आशा ठेवता येत नाही. मग लेखक थेट छापखाना गाठतो आणि छापून झालं की पुस्तक 'प्रकाशित' झालं असं समजतो. छापखानावाला मात्र कागदावर शाई उठवून मोकळा होतो. संपादन, मांडणी, किंमत ठरवणं, साठवण, विक्री, उधारीची वसुली ही प्रकाशकाची सगळी कामं आता तुमच्या गळ्यात पडलेली असतात. त्यातलं सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे हिशेब, म्हणून आधी तोच घेऊ.

खर्च कशाने भागायचा?

पुस्तक छापायच्या दोन मुख्य रीती आहेत. ऑफसेटमध्ये मजकुराच्या प्लेटा बनतात, त्या मशीनवर चढवायच्या, शाई जुळवायची. हा खर्च एक प्रत काढा नाहीतर हजार काढा, तेवढाच. पुढे प्रत्येक प्रतीला कागद, शाई आणि बाइंडिंग एवढंच लागतं. डिजिटल छपाई म्हणजे मोठं, शहाणं झेरॉक्स मशीन. प्लेट नाही, त्यामुळे सुरुवातीचा बोजा नाही, पण पहिल्या प्रतीला जो दर तोच जवळजवळ तीनशेव्या प्रतीला.

आता आकडे धरू. हे बेळगाव-कोल्हापूरचे आजचे भाव नव्हेत, हिशेबाची रीत कळावी म्हणून सोयीचे घेतलेत. पुस्तक १६० पानांचं, आकार डेमी म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, आत ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) नॅचरल शेड कागद, वर ३०० जीएसएमचं मॅट लॅमिनेशन केलेलं कव्हर. मुद्रितशोधन पानाला १५ रुपयांनी २,४००, मांडणी पानाला २५ रुपयांनी ४,०००, मुखपृष्ठाचे ४,०००. छपाईच्या आधीच १०,४०० गेले. डिजिटलला प्रतीमागे ११० रुपये. ऑफसेटला सुरुवातीचे २५,००० आणि वर प्रतीमागे ४५.

तीनशे प्रतींना डिजिटलचे ३३,००० होतात, ऑफसेटचे ३८,५००. पाचशेला उलटं होतं, डिजिटल ५५,००० आणि ऑफसेट ४७,५००. या दरांनी पारडं ३८५ प्रतींच्या आसपास फिरतं. तुमच्या छापखान्याचे दर घेऊन हीच आकडेमोड करा, तुमचा फिरण्याचा आकडा सापडेल.

इथे छापखानावाला म्हणतो, 'पाचशे करा की, प्रत स्वस्त पडते.' तो खोटं बोलत नाही. आधीचा खर्च मिसळून पाचशे प्रतींचे ५७,९०० होतात, म्हणजे प्रत ११६ रुपयांना. तीनशेचे ४३,४००, म्हणजे प्रत १४५ ला. पण हा भागाकार छापलेल्या प्रतींनी झाला. माळ्यावरची प्रत खर्चात धरायची आणि उत्पन्नात धरायची नाही, हे आपल्याला सुचत नाही.

तीनशेतल्या चाळीस तरी अशाच जातात. प्रस्तावना लिहिणारे, परीक्षणासाठी वर्तमानपत्रांना दोन-दोन, समारंभाचे पाहुणे, ज्यांच्यावर गोष्टी लिहिल्या ते गावकरी, कायद्याने द्यायच्या चार (त्यांचं पुढे सांगतो), आणि सासर-माहेर. उरल्या २६०. त्या सगळ्या विकल्या असं मोठ्या मनाने धरू. तर विकलेली प्रत पडली १६७ रुपयांना. पाचशे छापून २६०च विकल्या असत्या तर ती पडली असती २२३ ला. स्वस्तात पडलेली प्रत ती हीच.

किंमत २४० ठेवली. संमेलनात २० टक्के सवलतीने विकली की हातात १९२, म्हणजे प्रतीमागे २५ रुपये सुटले. दुकानदाराला ४० टक्के दिले की हातात १४४. दुकानातून एक प्रत खपली की तुमच्या खिशातले २३ रुपये गेले! 'पुस्तक दुकानात लागलंय' याचा आनंद आपण पैसे मोजून घेत असतो. किंमत २८० केली तर दुकानातून १६८ येतात, जेमतेम सुटका होते. पातळ कवितासंग्रहाला एवढी किंमत लावायला जीव धजत नाही. मग सरळ दुकानाचा नाद सोडा आणि हातोहात विक्रीवर भर द्या.

माझा सल्ला असा: आधी नावांची यादी करा, शंभर जणांची पूर्वनोंदणी घ्या, पैसे यूपीआयवर आगाऊ घ्या. आगाऊ पैसे देणारा माणूस आणि 'मला एक ठेव हं' म्हणणारा माणूस यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. शंभर पैसेवाले मिळाले तर दोनशे डिजिटलवर छापा. संपल्या की शंभर-शंभरच्या हप्त्यात परत काढा. ऑफसेटचा विचार दुसऱ्या आवृत्तीला.

पानांचंही एक गणित आहे. ऑफसेटमध्ये मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ पानं छापून घडी घालतात, तो १६ पानांचा फर्मा. १६० पानं म्हणजे नेमके दहा फर्मे. तुमचं पुस्तक १६३ पानांचं झालं तर त्या तीन पानांसाठी निदान अर्धा फर्मा वाढतो. मनोगत तीन पानांनी कमी केल्यास वाचकालाही बरं वाटतं.

कोटेशन घेताना एक प्रश्न विसरू नका, 'टॅक्स धरून सांगताय की वेगळा?' छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी शून्य आहे, पण छापखान्याच्या बिलात तो लागतो. आणि फक्त करमुक्त माल, म्हणजे आपलं पुस्तकच, विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी करावी लागत नाही. त्या भीतीने पुस्तक थांबवलेला एक जण मला माहीत आहे.

जांबोटीचा समुद्र

माझ्या पहिल्या पुस्तकात एक वाक्य होतं, 'जांबोटीच्या दऱ्या धुक्याने भरून गेल्या होत्या.' छापून आलं 'जांबोटीच्या दर्या धुक्याने भरून गेल्या होत्या.' सह्याद्रीच्या कड्यावर मी समुद्र आणून ठेवला. आणि तो एकाच पानावर नव्हता. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'पायऱ्या', 'कुऱ्हाड', 'तऱ्हा' अशा साऱ्या शब्दांच्या डोक्यावर रफार चढून बसला होता. डीटीपी करणाऱ्या मुलाचा हात कन्नडवर उत्तम, मराठीतला हा फरक त्याच्या नजरेत बसलेला नव्हता. पण शेवटच्या प्रुफावर सही माझी होती.

हे होतं कसं, ते समजून घेतलं तर टाळता येतं. 'सूर्य'मधला र् आणि 'दऱ्या'मधला ऱ् हे दोन वेगळे उच्चार आहेत. 'आचार्यांना जेवू घातलं' आणि 'आचाऱ्यांना जेवू घातलं' यांत शिक्षक आणि स्वयंपाकी एवढा फरक पडतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक-मोबाईलवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, या दुसऱ्या र साठी खाली टिंब असलेलं ऱ हे वेगळं अक्षर आहे. ते वापरून त्याचा पाय मोडला आणि य जोडला की ऱ्य उमटतो. साधा र घेऊन नुसता पाय मोडला आणि य जोडला की संगणक त्याचा रफारच करणार. शिवाय बऱ्याच डीटीपी दुकानांत अजून श्रीलिपीसारखे जुने, युनिकोडच्या आधीचे फॉन्ट चालतात. तुम्ही मोबाईलवर टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो. तो जुन्या फॉन्टमध्ये उतरवताना जोडाक्षरं सांडतात, अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच काही येतं.

म्हणून दुकानात शिरल्या शिरल्या सांगा, 'काम युनिकोडमध्येच करायचं.' पानं मांडायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असतील तर त्यातला 'वर्ल्ड-रेडी कंपोजर' चालू असला पाहिजे, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं जागा सोडतात. फॉन्टही मराठी वळणाचा मागा. अनेक फॉन्टांत ल आणि श हिंदी पद्धतीचे येतात आणि पान परकं दिसतं. राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' मोफत मिळतो, 'टिरो देवनागरी मराठी' हाही मोफत आणि मराठी वळणाचा आहे. त्यांत एक पान छापून बघा, स्क्रीनवर नको.

पीडीएफ हातात आली की मी अजूनही एक खेळ करतो. शोधाच्या चौकटीत 'र्या' टाकतो आणि एकेक सापडलेला शब्द बघतो. 'मर्यादा', 'पर्याय', 'कार्यालय' बरोबर, सोडून द्यायचे. 'दुसर्या' दिसला की पकडायचा. मग 'र्हा' टाकतो. अर्धा तास लागतो.

मुद्रितशोधक बाहेरगावचा असेल तर आपल्या बोलीचं आधी ठरवून घ्या. माझ्या एका गोष्टीत म्हातारी विचारते, 'जेवलास काय गा?' पुण्याहून प्रूफ परत आलं त्यात ती विचारत होती, 'जेवलास का रे?' म्हातारीच्या तोंडचा 'गा' गेला की म्हातारीच गेली. आता मी एक पानभर यादी देतो: संवादातले हे-हे शब्द मुद्दाम असेच लिहिलेत, हात लावू नये. निवेदनात मात्र नेहमीचे शुद्धलेखनाचे नियम, तिथे शोधक म्हणेल ते खरं.

स्वतःचं प्रूफ स्वतः वाचून चुका सापडत नाहीत, कारण डोळा कागदावरचं सोडून मनातलं वाचतो. दोघांनी बसावं, एकाने मूळ मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट फिरवावं. घरात शाळकरी पोर असेल तर त्याच्याकडून वाचून घ्या. ते अडखळतं तिथे हमखास चूक असते.

छपाईआधी एक बांधलेली डमी, म्हणजे नमुना प्रत, मागा, पैसे पडले तरी मागा. तिच्यात कण्याची जाडी कळते. १६० पानं म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेले ८० कागद, साध्या ८० जीएसएम कागदात कणा साधारण आठ मिलिमीटर होतो. कागद फुगीर असेल तर जास्त. हा आकडा कव्हर करणाऱ्याला छापखान्याकडूनच मिळायला हवा, नाहीतर कण्यावरचं नाव सरकून मुखपृष्ठावर येतं. चौसष्ट पानांच्या संग्रहाचा कणा एवढा बारीक की त्यावर नाव घालूच नये.

सरकारी कागद, थोडक्यात

आयएसबीएन हा १३ आकडी क्रमांक म्हणजे पुस्तकाचा आधार नंबर समजा. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी देते, लेखकाला व्यक्ती म्हणून ऑनलाइन अर्ज करता येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. दोन-तीन हजार घेऊन 'नंबर काढून देतो' म्हणणारे भेटतात, ते तुमचा फॉर्म भरण्याचे पैसे घेतात. भारतीय क्रमांक ९७८-८१ नाहीतर ९७८-९३ ने सुरू होतो. छापील पुस्तकाला एक आणि ई-बुकला वेगळा लागतो. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर जुनाच चालतो, मजकूर बदलून नवी आवृत्ती काढली तर नवा. क्रमांक नसलेलं पुस्तक बेकायदा ठरत नाही, पण दुकानं, ग्रंथालयं आणि ऑनलाइन विक्रीत अडतं.

आयएसबीएन मिळाला म्हणजे कॉपीराइट मिळाला, हा सार्वत्रिक गैरसमज. कॉपीराइट तुम्ही लिहिलंत तेव्हाच तुमचा झाला. १९५७ च्या कायद्याने तो लेखकाच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं राहतो. नोंदणी ऐच्छिक आहे, वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. उलट बाजूही बघा. नेटवरून उचललेलं चित्र मुखपृष्ठावर, प्रकरणाच्या डोक्यावर कुणा कवीच्या चार ओळी, हेही कुणाच्या तरी हक्काचं असतं. परवानगी लेखी घ्या. मुखपृष्ठ काढणाऱ्याकडूनही 'पुढच्या आवृत्त्यांत आणि जाहिरातीत वापरायला हरकत नाही' एवढी ओळ लिहून घ्या.

आणि त्या चार प्रती. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, चेन्नईच्या कन्नेमारा ग्रंथालयाला, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आणि दिल्ली पब्लिक लायब्ररीला एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. दंड फुटकळ आहे म्हणून बहुतेक जण टाळतात. मी पाठवतो. गुंजीच्या किंवा कणकुंबीच्या माणसावर लिहिलेली गोष्ट कोलकात्यात कायमची जपली जाते, ही मला चैन वाटते, आणि थोडक्या पैशांत येते.

'सगळं आम्ही बघतो'

पुस्तक काढून देण्याचं पॅकेज विकणाऱ्या कंपन्या आता गावोगावच्या लेखकांना फोन करतात. त्यांतल्या काही चोख काम करतात, मी सरसकट नावं ठेवणार नाही. पण मी एकदा अशाच एका ठिकाणी पुस्तक दिलं होतं. वर्षाने पन्नास प्रती हव्या होत्या, तर कळलं की मांडणीची मूळ फाईल त्यांची, मुखपृष्ठ त्यांचं, आयएसबीएन त्यांच्या नावावर. माझं काय, तर मजकूर आणि पावती. पुस्तक पहिल्यापासून पुन्हा मांडावं लागलं.

तेव्हा सही करण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: क्रमांकावर प्रकाशक म्हणून कुणाचं नाव लागणार, काम संपल्यावर पीडीएफबरोबर मूळ उघडी फाईल मिळणार का, आणि हक्क किती काळासाठी दिले. कायद्याच्या १९ व्या कलमानुसार हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच. 'सर्व हक्क, सर्व भाषा, कायमस्वरूपी' असं कुठे बारीक अक्षरात असेल तर ती ओळ खोडायला लावा. पैसे तुम्ही देताय, मग हक्कही तुम्हीच का द्यावेत?

अनुदानाचं म्हणाल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. तिला हस्तलिखित द्यायचं असतं, म्हणजे छापून मोकळं झाल्यावर आठवण येऊन उपयोग नाही. आपण मनाने कुठलेही असलो तरी पत्त्याने कर्नाटकातले, त्यामुळे त्या वर्षीच्या जाहिरातीतली रहिवासाची अट आधी वाचा.

विकायचं कुठे

इथे मात्र आपण पुण्याच्या लेखकापेक्षा नशीबवान आहोत. अखिल भारतीय संमेलन बेळगावला १९२९, १९४६ आणि २००० साली झालं, त्याच्या आठवणी आपण अजून काढतो. पण पुस्तक खपतं ते गावच्या संमेलनांत. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमनी, तिकडे निपाणीजवळ कारदगा. सुगी आटोपली की रविवारमागून रविवार मांडव पडतात, ग्रंथदिंडी निघते, बायका डोक्यावर कळशी घेऊन पुढे चालतात, मांडवाच्या कडेला पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथे येणारा माणूस घरून ठरवूनच एखादं पुस्तक घ्यायला येतो. लेखक समोर उभा असेल आणि सही मिळणार असेल तर तुमचंच घेतो.

म्हणून पुस्तक नोव्हेंबरअखेर हातात पाहिजे. छपाई कोल्हापूरला देणार असाल तर गठ्ठे आणण्याची तारीख १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि आपल्या काळ्या दिनाच्या, आगेमागे नको. त्या दिवसांत तणाव वाढून सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर गाड्या थांबल्या तर तुमची पुस्तकं निपाणीच्या अलीकडे आणि पाहुणे पलीकडे. गठ्ठ्याबरोबर बिल ठेवा, म्हणजे वाटेत कुणी विचारलं तर दाखवता येतं.

स्टॉलवर क्यूआर कोड मोठा छापून ठेवा, सुट्ट्या पैशांनी बरीच विक्री बुडते. दुपारच्या जेवणाआधीचा तास आणि कथाकथन संपल्यानंतरची पंधरा मिनिटं, खरी विक्री एवढ्यातच होते. पहिल्या वेळात लेखक स्टॉलवर पाहिजे, मंचाच्या पायऱ्यांशी अध्यक्षांबरोबर फोटो काढत नको.

वाचनालयांना विसरू नका. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून चालू आहे, आणि तालुक्यात लहान-लहान वाचनालयं बरीच आहेत. एकेक प्रत भेट देण्याऐवजी सवलतीत विकत घ्यायची विनंती करा. भेट आलेलं पुस्तक कपाटात जातं, विकत घेतलेलं नोंदीत जातं.

दुकानात ठेवायचंच असेल तर 'विकलं तर पैसे' या बोलीवर पाच-पाच प्रतीच द्या, माल दिल्याच्या चलनाच्या दोन प्रती करून एकीवर सही घ्या. तोंडी दिलेल्या प्रती परत आलेल्या मी पाहिलेल्या नाहीत.

बाहेरगावी पाठवायला टपाल खातं सगळ्यात स्वस्त. नोंदणीकृत बुकपोस्ट २०२४ च्या डिसेंबरात बंद झालं तेव्हा आम्ही सगळेच हवालदिल झालो होतो. मग १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आलं. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. आपलं १६० पानी डेमी पुस्तक कव्हरसकट २१० ग्रॅमच्या आसपास भरतं, जाड कागदात गुंडाळूनही पहिल्याच टप्प्यात बसतं. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं पाहिजे आणि आत जाहिराती नकोत. स्मरणिका काढणाऱ्यांनी हे नीट वाचावं. काउंटरवरच्या माणसाला योजनेचं नाव स्पष्ट सांगा, नाहीतर पाकीट स्पीड पोस्टने जातं आणि बरेच जास्त पैसे पडतात.

ई-बुकचं फार स्तोम माजवू नका, पण काढा. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी २०१६ पासून चालतं. तिथे लेखकाच्या वाट्याचे ३५ आणि ७० टक्के असे दोन दर आहेत. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ई-बुक ९० दिवस फक्त त्यांच्याकडेच ठेवण्याची अट मान्य करावी लागते. बेळगुंदीचा मुलगा बेंगळुरूत किंवा दुबईत असतो, त्याच्यासाठी ही सोय. छपाईची पीडीएफ तशीच चढवू नका, मोबाईलवर अक्षर मुंगीएवढं दिसतं. युनिकोडमधला मजकूर तिथे पुन्हा कामी येतो. मागणी आली तेवढ्याच प्रती छापून पाठवणाऱ्या बेंगळुरूच्या पोथी आणि चेन्नईच्या नोशन प्रेस यांच्यासारख्या सेवाही आहेत. प्रत महाग पडते, पण माळा रिकामा राहतो.

आता राहिली ती लाल पेनाची प्रत. पुस्तक आलं की एक प्रत बाजूला काढून तिच्यावर 'दुरुस्तीची' असं लिहितो. कुणी चूक दाखवली की त्याच्याशी वाद न घालता त्या पानावर खूण करायची आणि दाखवणाऱ्याचं नाव समासात लिहायचं. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी ही एकच प्रत डीटीपीवाल्यापुढे ठेवली की झालं. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या त्या प्रतीत आजवर ४१ खुणा आहेत. पहिली सातव्या पानावर, अर्पणपत्रिकेत, 'प्रेरणा देणार्या आईस'. समासात नाव बायकोचं आहे.